पंगतीतले पथ्य

दीर्घकालीन व्याधी जडलेल्या मनुष्याने काय खावे, किती खावे आणि किती चालावे, हा आपल्या समाजात आजवर त्या मनुष्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा खाजगी मामला मानला गेला आहे; घरच्यांनी त्यात ताकीद देण्यापुरता भाग घ्यावयाचा, इष्टमित्रांनी ‘एका दिवसाने काय होते?’ म्हणून ती ताकीद मोडावयास लावावयाची, आणि परदेशातील मराठी मंडळासारख्या संस्थेने त्या बाबतीत मौन पाळावयाचे, असा आपला दस्तूर आहे. हा दस्तूर चुकीचा आहे, आणि तो मोडण्याची सुरुवात मंडळाच्या जेवणावळीपासून झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, संधिवात हे जन्माचे सोबती. आणि जे जन्मभर पाळावयाचे ते चारचौघांपासून वेगळे बसून, एकट्याच्या निग्रहावर पाळणे फार थोड्यांना साधते. ज्यांना साधते त्यांचे कौतुक करावे, परंतु त्यांच्या मापाने इतरांना तोलू नये.

उदाहरणादाखल मधुमेह घेतो, कारण आपल्या देहयष्टीशी त्याचे विशेष सख्य आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे आणि स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय हा निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३, परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा लंडनकर डॉक्टरांची ९.१ टक्के आणि पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के भरली. युडकिन धावण्याचे शौकीन आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याच्या आत ते गाठणे, अशी मिस्कील कबुलीही त्या टिपणात आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांनी १९९३ साली सुरू केलेल्या अभ्यासातही हेच चित्र जन्मापासून दिसले: तिथली बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ हलकी, तथापि तूट होती ती मुख्यत्वे स्नायूंची, चरबी त्या मानाने शाबूत होती. वरून सडपातळ दिसणारा आपला देह आतून असा फसवा आहे.

हा वारसा घेऊनच आपण समुद्र ओलांडून अमेरिकेत आलो. सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो येथील दक्षिण आशियाई रहिवाशांचा जो अभ्यास २०१० पासून चालू आहे, त्यास ‘मसाला’ असे नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद देऊन त्याचा निष्कर्ष मात्र गांभीर्याने घ्यावयास हवा: या देशातील इतर वंशांच्या लोकांपेक्षा आपल्यात मधुमेह अधिक, आणि तोही कमी वजनावर. अमेरिकन मधुमेह संस्थेने २०१५ साली आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा २५ ऐवजी २३ बीएमआयवर आणली ती याच कारणाने. तेव्हा ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ हा आपला आवडता युक्तिवाद निकालात निघाला आहे, असे समजावे.

आता उपायाकडे वळू. आपल्या प्राचीन वैद्यांना या रोगाची ओळख चांगली होती. चरकाने प्रमेहाची (मधुमेह हा त्याचाच एक प्रकार) कारणे सांगताना दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांच्या आधी बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांना स्थान दिले आहे, ही गोष्ट दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी. सुश्रुताची चिकित्सा त्याहून मनोरंजक आहे. जो निर्धन आहे किंवा ज्याला आप्तबांधव नाहीत, अशा रोग्याने पायांत जोडा नाही, डोक्यावर छत्री नाही, अशा स्थितीत भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असे त्याचे फर्मान आहे. (अनवाणी चालण्याचा भाग आज कोणी अमलात आणू नये, मधुमेहाने पायांची संवेदना मंदावते, आणि न कळलेली एक जखम पुढे पायावर बेतते.) मला या वचनात महत्त्वाचे वाटते ते हे की, एकट्याने चालत सुटण्याची आज्ञा सुश्रुताने ज्याला कोणीच नाही अशाला दिली आहे. आपल्याला तर आप्त आहेत, स्नेही आहेत, शेकडो सभासदांचे मंडळ आहे. आणि तरीही आपले मधुमेही बांधव भल्या पहाटे एकेकटे तळघरातल्या ट्रेडमिलवर चालत असतात.

अर्वाचीन शास्त्राने या बाबतीत जो पुरावा गोळा केला आहे, त्याची नीट रुजुवात केली पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात त्याबद्दल वाटेल ते बोलले जाते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठवड्यास दीडशे मिनिटांची हालचाल आणि वजनात सात टक्के घट हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच प्रयोग केला, तेव्हा आहार-व्यायामाचा लाभ २८.५ टक्के आला; म्हणजे कमी, परंतु गोळीच्या बरोबरीचा. रोग आधीच जडलेल्यांची गोष्ट निराळी. अशा पाच हजारांहून अधिक लोकांवर चाललेला ‘लुक अहेड’ हा प्रयोग २०१२ साली मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला, कारण वजन उतरवून आणि व्यायाम करून हृदयविकाराचे झटके व त्यांपायी होणारे मृत्यू घटल्याचे दिसेना. ही गोष्ट व्यायामाचे प्रचारक सहसा सांगत नाहीत. ती सांगितली पाहिजे. परंतु त्याच प्रयोगात असेही आढळले की, चार वर्षांत चालण्या-फिरण्याची शक्ती गमावण्याचा धोका या मंडळींत जवळजवळ निम्म्याने कमी झाला, आणि त्यांना औषधेही कमी लागली. सत्तरीत जिना चढता येणे, नातवाला उचलून घेता येणे, विमानतळावर चाकाची खुर्ची न मागता चालत जाता येणे, हा लाभ माझ्या मते सामान्य नाही.

या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान होती, आणि माझे प्रतिपादन तिच्यावर उभे आहे: आहार-व्यायामाच्या गटातील कोणालाही नुसते ‘पथ्य पाळा’ असे सांगून घरी धाडून दिले नव्हते. अमेरिकेतील प्रयोगात पहिल्या चोवीस आठवड्यांत सोळा पाठ होते, प्रत्येकामागे एक मार्गदर्शक होता. म्हणजे यश आले ते निग्रहाला बंदोबस्ताची जोड मिळाली तेव्हा.

आपला बंदोबस्त कसा असतो? भाड्याच्या शाळेच्या सभागृहात नाटक असते. मध्यंतरात बटाटेवडा आणि साबुदाणावडा. शेजारी सोड्याच्या बाटल्या. जेवणाची वेळ निमंत्रणपत्रिकेवर साडेसात छापलेली, आणि प्रत्यक्षात सत्कार, पुष्पगुच्छ व आभारप्रदर्शन होऊन अॅल्युमिनियमच्या तबकांवरची झाकणे उघडतात तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. निरोगी मनुष्याला ही केवळ गैरसोय. इन्सुलिन घेणाऱ्याला किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला, रक्तातील साखर फार उतरून, तो प्राणावरचा प्रसंग ठरू शकतो. एका दिवाळीच्या कार्यक्रमात पत्रिकेवरील वेळेवर विश्वासून एका वृद्ध गृहस्थांनी इंजेक्शन घेतले. दुसरा अंक लांबला. पाहतो तो त्यांच्या कपाळावर घाम दाटलेला, हात कापत असलेले, आणि खिशातल्या गोळीचा कागद काही केल्या त्यांना सोडवता येईना. पुढच्या रांगेतील एका मुलीने आपल्या हातातला संत्र्याच्या रसाचा डबा त्यांना दिला, आणि पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. (पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा कप रस, पंधरा मिनिटांची प्रतीक्षा आणि पुन्हा तपासणी, हा यावरील नियम प्रत्येक स्वयंसेवकास तोंडपाठ असावा.) सावरल्यावर ते काय म्हणाले? ‘तुम्हा सगळ्यांना उगाच त्रास दिला.’ वास्तविक माफी त्यांच्याकडे मागावयास हवी होती, आणि ती आयोजकांनी.

पदार्थांचे म्हणाल तर आपल्या स्वयंपाकघराला लाजण्याचे कारण नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, पिठले, मुळ्याची कोशिंबीर, ताक, हे सर्व आपलेच. ज्वारीचे पीठ आता इथल्या देशी दुकानात मिळते आणि मोड आणावयाला कुणाची परवानगी लागत नाही. दोष आहे तो वाढण्याच्या क्रमात आणि मापात. आपल्या पंगतीत पहिला मान वरणभात-तुपाचा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली अकरा मधुमेहींवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात भाज्या आणि प्रथिने आधी व पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले असता जेवणानंतरची साखर पुष्कळ कमी चढल्याचे दिसले. अकरांवरून सिद्धांत मांडू नये हे खरे. परंतु कोशिंबीर आणि उसळ आधी वाढून भाताची मूद मागाहून आणल्याने कोणाचे नुकसान होणार आहे? परंपरेचा भंग होतो म्हणावे, तर केळीच्या पानाच्या जागी कागदी ताटली आली तेव्हाच तो होऊन चुकला आहे. श्रीखंड जरूर असावे, परंतु लहान वाटीत आणि आग्रहावाचून. ‘मधुमेहींसाठी’ अशी पाटी लावलेले वेगळे टेबल मात्र नसावे; तिथे जावयाचे म्हणजे आपली प्रकृती चव्हाट्यावर मांडावयाची, आणि म्हणूनच त्या टेबलापुढे रांग कधी लागत नाही. जे रोग्याला चालते ते निरोग्यालाही चालते. तेव्हा मुख्य ताटच तसे करावे. उपवासाच्या फराळाबद्दल एवढेच की, साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टपदार्थ आहे, आणि त्याची खिचडी पोटभर खाऊन वर ‘आज माझे लंघन आहे’ असे सांगण्याइतकी मौज आपल्यालाच साधते.

एक अपवाद नमूद केला पाहिजे. ज्यांचे मूत्रपिंड अधू झाले आहे त्यांना डाळी, टोमॅटो, शहाळ्याचे पाणी यांचेही प्रमाण सांभाळावे लागते. हृदय थकलेल्यांना पापड-लोणच्यातील मीठ भोवते. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे अपथ्य असल्यामुळे प्रत्येक तबकापुढे त्यातील जिन्नस लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. एवढे काम दहा वर्षांची मुलेही हौसेने करतील.

चालण्याचेही तसेच आहे. स्नायू हालचाल करू लागले की इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची हालचाल विशेष गुणकारी. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ साली काही वृद्धांवर केलेल्या प्रयोगात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे हे सकाळच्या सलग पाऊण तासाइतकेच उपयोगी ठरले, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यात त्याहून सरस. आपल्या वाडवडिलांची शतपावली काही वेडगळ नव्हती, फक्त शंभर पावले थोडी पडतात. बाहेर बर्फ असेल तर शाळेच्या लांबलचक मार्गिका असतातच; जेवण आटोपल्यावर खुर्च्या आवरण्याची घाई करण्याऐवजी त्यांतून सर्वांनी गप्पा मारीत फेऱ्या घालाव्यात. गणेशोत्सवासाठी आपली तरुण मंडळी उन्हाळाभर वाहनतळावर ढोल-ताशाचा सराव करतात आणि साठीची मंडळी कडेला घडीच्या खुर्च्यांवर बसून त्यांचे चलच्चित्रण करतात. त्यांच्या हाती लेझीम द्या. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी बसल्या बसल्या ताल धरावा. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. परंतु कोणीही केवळ प्रेक्षक राहू नये.

यावर आक्षेप येईल की, सण वर्षातून चार, त्यांवर एवढा खल कशाला? संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी हे चार खरेच. परंतु त्यांत मुंज, डोहाळजेवण, सत्यनारायण, वाढदिवस आणि दर शनिवारचे पॉटलक मिळवा, म्हणजे परदेशातील मराठी मनुष्याची रिकामी संध्याकाळ शोधूनही सापडणार नाही. शिवाय मंडळात जे मान्य होते तेच पुढे घरोघरच्या पॉटलकमध्ये उतरते. पहिल्या पिढीला हे मंडळच गावकी आहे. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: कोणी काय खावे हे मंडळाने का ठरवावे? परंतु मंडळ आजही ते ठरवीतच आहे. साडेनऊ वाजता, भातापासून सुरुवात करून, दोन गोड पदार्थांसह.

सबब कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, येत्या गणेशोत्सवापूर्वी तिने तीन ठराव करावेत: जेवण पत्रिकेवरील वेळेस वाढले जाईल, मग नाटकाचा अंक मध्येच थांबवावा लागला तरी चालेल, कोशिंबीर आणि उसळ पानात आधी पडेल, आणि जेवणानंतरची पंधरा मिनिटे कार्यक्रमपत्रिकेत चालण्यासाठी राखून ठेवली जातील. सभासदांनीही हे ठराव मांडले जाईपर्यंत थांबू नये. पुढच्या शनिवारी ज्यांच्या घरी पॉटलक आहे, त्यांनी पाहुण्यांना जेवणाची खरी वेळ कळवावी.