मोडीचा भाव आणि लिलावाचा भाव

दर बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. रस्त्याच्या कडेला गोणपाटे पसरलेली असतात आणि त्यांवर कुलपे, किल्ल्या, पान्हे, बंद पडलेली घड्याळे, फोटोंच्या रिकाम्या चौकटी, कुणाच्या तरी लग्नात आलेली नाव कोरलेली पातेली असा कितीतरी घरांचा संसार उघड्यावर मांडलेला असतो. मी या बाजाराचा नेमाचा वारकरी आहे. तिथून ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या घ्यायच्या आणि संगणकावरून लिलावात विकायच्या, असा माझा काही वर्षांचा उद्योग. घरात या उद्योगाला ‘भंगार’ असे सुटसुटीत नाव आहे.

मध्यंतरी एका स्नेह्यांनी मला तोंडावरच विचारले, “पन्नास रुपयांची वस्तू पाच हजारांना विकता, तेव्हा ज्याच्याकडून घेतली त्याला फसवता असे नाही वाटत?” प्रश्न मी हसण्यावारी नेला. पण तो मनातून गेला नाही, कारण त्याचे अर्धे उत्तर माझ्याजवळ तयार होते आणि उरलेले अर्धे देण्याची मला लाज वाटत होती.

आधी तयार असलेले अर्धे सांगतो. ‘ईबे’ ही लिलावाची पेठ १९९५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथे अगदी सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. चौदा डॉलर आणि त्र्याऐंशी सेंटला तो गेला. घेणाऱ्याला ‘अहो, हा मोडका आहे’ असे कळवल्यावर त्याने उत्तर दिले, मी मोडकेच जमवतो! आपल्याकडे २००० साली ‘बाझी’ नावाची अशी पेठ निघाली, २००४ मध्ये ती ईबेने घेतली आणि २०१८ मध्ये तिचे भारतातले दुकान मिटले. परदेशी गिऱ्हाइकाला मात्र इथून आजही विकता येते.

तिथली पद्धत मोठी गमतीची आहे. घेणारा आपली जास्तीत जास्त बोली गुपचूप नोंदवून ठेवतो. त्याला वस्तू मिळते ती त्या आकड्याला नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरी वरच्या भावाला. म्हणजे एकट्या वेड्याने किंमत ठरत नाही, दोन वेडे लागतात. जुन्या बाजारातल्या गोणपाटापुढे दोन वेडे एकाच सकाळी एकाच तबकडीसाठी क्वचितच येऊन उभे राहतात. त्यांना जगभरातून गोळा करून एका ठिकाणी आणले, की पन्नासाचे पाच हजार होतात. ही किंमत विक्रेत्याच्या खिशातून काढलेली नसते. त्याच्या गोणपाटावर ती नव्हतीच.

शिवाय मेहनत आहे. आपल्याकडे गौहरजानचे गाणे तबकडीसाठी मुद्रित झाले ते १९०२ साली, आणि या लाखेच्या तबकड्या बंद झाल्या १९७० च्या सुमारास. एवढ्या काळातला माल घरोघरी पडून आहे, पण त्यातला बहुतेक कवडीमोल. ज्या गाण्याने वेड लावले त्याच्या हजारो प्रती निघाल्या, म्हणून आज त्याला भाव नाही. जे त्या वेळी कुणी विचारले नाही, तेच आज मिळत नाही! सुई दर वेळी बदलायची असे, पण काटकसरी घरात एकच सुई महिनाभर चाले, आणि तिने खरवडून खरवडून खाचा पांढुरक्या होत. तबकडी उजेडात तिरपी धरून ते पाहावे लागते. मग माठ घेताना मारतो तशी टिचकी मारायची. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसभर तडा आहे, खाली ठेवून द्यावी. पितळी कर्ण्याचा ‘जुना’ ग्रामोफोन दिसला, तर बहुधा कर्णा नवा, पेटी नवी आणि कुत्र्याचे चित्रही कालच चिकटवलेले. मीही एकदा घेतला आहे. तो आमच्याकडे कपाटावर असतो आणि त्याचा विषय निघत नाही.

नव्याने या नादी लागणाऱ्यांनी १९७२ चा पुरावशेष कायदा मात्र समजून घ्यावा. शंभर वर्षे झालेल्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांची मोलाची हस्तलिखिते यांत मोडतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवताच येत नाहीत. म्हणून समया आणि पोथ्या यांना मी हात लावत नाही. शतक ओलांडलेली तबकडीही घरीच ठेवतो.

तर जाणकाराने जाणतेपणाचे पैसे घ्यावेत, यात मला काही वावगे वाटत नाही. बाजारातला विक्रेता हा व्यापारी असतो. त्याने ती तबकडी रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेली असते, त्याचा नफा त्याला मिळालेला असतो, आणि मी नवखा दिसलो तर तोही मला सोडत नाही. आमच्या लहानपणी जुनी जर घेणारे दारावर येत. आया-आत्यांनी विटलेले शालू स्टीलच्या डब्यावर देऊन टाकले, आणि त्या जरीतली चांदी जाळून काढणारे निराळेच. तेव्हाही हाच व्यवहार होता.

पण ‘दारावर’ हा शब्द लिहिला आणि हात अडखळला. कारण माझे उरलेले अर्धे उत्तर दारावरचेच आहे.

सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायचा होता. ओळखीने निरोप आला, म्हणून गेलो. एका काकूंच्या माळ्यावर तबकड्यांची पेटी होती, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची. बत्तीस तबकड्या. वरच्या पाच-सहा चाळल्या आणि माझ्या छातीत धडधडू लागले. त्यांत एका नाटक मंडळीतल्या, आता कुणाला नावही न आठवणाऱ्या नटाची एक तबकडी होती, जवळजवळ कोरी. काकूंनी विचारले, “काही उपयोगाच्या आहेत का हो?” मी म्हणालो, “याला आता कोण विचारतंय, काकू! माळा रिकामा होईल एवढंच.” आठशे रुपये दिले. त्यांनी वर चहा दिला, रिक्षापर्यंत पेटी न्यायला नातवाला सोबत पाठवला.

ती एक तबकडी जर्मनीतल्या एका गृहस्थांनी घेतली. रुपयांत बारा हजारांच्या वर गेली.

किंमत न सांगणे निराळे आणि वस्तू हलकी आहे असे सांगणे निराळे, हे मला त्या रात्री कळले असे म्हणणार नाही. ते मला वाड्यातच, चहा पितानाच कळत होते. बाजारात मी दोष काढतो तेव्हा समोरचा गुण सांगायला बसलेला असतो. काकूंच्या माळ्यावर माझ्यावाचून सांगणारे कोणीच नव्हते, आणि त्यांनी मला विचारले ते गिऱ्हाईक म्हणून नव्हे, माहीतगार म्हणून. घासाघीस दोघांना येत असेल तरच ती घासाघीस.

दोन महिन्यांनी सहा हजार रुपये घेऊन मी त्यांच्या मुलाच्या नव्या जागेत गेलो. झाले ते सगळे सांगितले. मुलाचा चेहरा उतरला, ते स्वाभाविकच होते. काकूंनी पाकीट तसेच मुलाच्या हाती दिले आणि मला विचारले, “वाजत होती का हो ती? मामंजी लावायचे, मी स्वयंपाकघरातून ऐकायची. शब्द काही आठवत नाहीत.”

मी ती एकदाही लावली नव्हती. सुई लावली की तबकडी झिजते, आणि लिलावात ‘न वाजवलेली’ असे लिहिता आले की भाव चढतो.

आता घरातून घ्यायचे असेल तर मी विकत घेतच नाही. विकून देतो, मिळेल त्यातले निम्मे त्यांचे, आणि बोलीचा कागद दाखवतो. पाठवण्याआधी दोन्ही बाजू एकदा वाजवून मुद्रित करतो आणि ते ध्वनिमुद्रण त्या घरी देतो. त्यापायी भाव थोडा उतरतो. जर्मनीतल्या गृहस्थांना मी पत्र लिहिले आहे. त्यांच्या यंत्राची सुई यायची आहे, आल्यावर ध्वनिमुद्रण पाठवतो असे त्यांनी कळवले आहे. काकूंच्या मुलाचा फोन अधूनमधून येतो, आले का म्हणून.