पारितोषिकाची हुंडी आणि पहिला आठवडा



परदेशातील महोत्सवात भारतीय चित्रपटाला पारितोषिक मिळाले की वर्तमानपत्रे त्याच्या गौरवाने भरून जातात. पारितोषिक ही मात्र एक हुंडी आहे. ती वटायची असते तिकीटखिडकीवर, आणि तेथे ती पुष्कळदा न वटताच परत येते. माल उत्तम, पण फळीवर जागा नाही, ही अवस्था आपल्या व्यापारी कुटुंबांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या संदर्भात 'शिप ऑफ थिसियस' या चित्रपटाचे स्मरण होते. आनंद गांधी दिग्दर्शित हा चित्रपट सप्टेंबर २०१२ मध्ये टोरोंटो महोत्सवात प्रथम दाखवला गेला. जहाजाची एकेक फळी बदलत गेल्यास अखेरीस ते जहाज तेच राहते काय, असा प्राचीन ग्रीक प्रश्न त्याच्या नावात आहे. द्रव्य आणि पर्याय यांचा विचार ज्यांच्या कानावरून गेला आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. चित्रपटातील मैत्रेय हा साधू औषधांसाठी होणाऱ्या प्राण्यांच्या छळाविरुद्ध न्यायालयात लढतो. त्याचे स्वतःचे यकृत निकामी होऊ लागते, तेव्हा प्राण्यांवर चाचणी झालेले औषध घेण्यास तो नकार देतो आणि देहत्यागाच्या मार्गाने निघतो. त्याचा पंथ काल्पनिक असला, तरी विचार श्रमण परंपरेच्या निकटचा आहे. अखेरीस तो यकृत-प्रत्यारोपण स्वीकारतो. हा शेवट आपल्यापैकी कित्येकांना रुचणार नाही. परंतु आपल्या व्रतांविषयी इतक्या गांभीर्याने प्रश्न विचारणारे चित्रपट पडद्यावर क्वचितच येतात. पुढे दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यास अवैध ठरवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. ज्या विषयासाठी आपण मूक मोर्चे काढले, त्याच विषयाची चर्चा चित्रपटगृहात आधीच होऊन गेली होती.

हा चित्रपट प्रदर्शित झाला १९ जुलै २०१३ रोजी, चातुर्मासाच्या तोंडावर. तोही सहजासहजी नव्हे. किरण राव यांनी प्रस्तुतकर्त्या म्हणून आपले नाव दिले आणि यूटीव्हीसारख्या मोठ्या संस्थेने वितरण हाती घेतले, तेव्हा पडदे मिळाले. तेही मोजक्या शहरांत. अन्य गावांतील प्रेक्षकांनी फेसबुकवर आपल्या शहरासाठी मत नोंदवावे, अशी योजना आखण्यात आली. मागणी आधी नोंदवून घ्यावी आणि मग माल पाठवावा, ही आपल्या पेढ्यांची जुनीच रीत! सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला तो २०१४ मध्ये. तोपर्यंत चित्रपटगृहांतील त्याचे दिवस संपले होते.

आता हिशेबाकडे वळू. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स-चालक यांच्यात मोठा वाद होऊन तडजोड झाली. तीनुसार करवजा गल्ल्यातील वितरकाचा वाटा सर्वसाधारणपणे पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला. मोठ्या ताऱ्यांचा चित्रपट पहिल्या तीन दिवसांतच आपली वसुली करतो. छोटा चित्रपट मात्र कर्णोपकर्णी पसरतो. त्याचा प्रेक्षक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येणार, म्हणजे नेमका वाटा घटल्यावर. आणि तेही खेळ तोपर्यंत टिकले तर! पहिल्या रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून उरतो तो दुपारचा एखादा खेळ.

भांडवलाची कथाही निराळी नाही. १९९८ साली केंद्र सरकारने चित्रपटव्यवसायास उद्योगाचा दर्जा जाहीर केला. तथापि कर्जासाठी तारण लागते, आणि नामवंत नट नसलेल्या चित्रपटाजवळ तारण ते कोणते? म्हणूनच 'शिप ऑफ थिसियस'मध्ये शेअर दलालाची भूमिका करणारे सोहम शाह हेच त्याचे निर्माते होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या मराठी 'कोर्ट'मध्ये बचाव पक्षाचे वकील झालेले विवेक गोम्बर हेही त्या चित्रपटाचे निर्माते. 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिस येथे पारितोषिके मिळाली. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि १७ एप्रिलला चित्रपट प्रदर्शित झाला. हुंडी ताजी असतानाच ती बाजारात आणली गेली, हे व्यवहारदृष्ट्या उचित झाले. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटानेही २०२४ मध्ये कान येथील ग्रां प्री मिळवल्यावर त्याच वर्षी देशातील चित्रपटगृहे गाठली.

आपल्या घरांत मात्र एक सवय दृढ आहे. 'चार लोकांचे मत येऊ द्या, मग पाहू.' माल घेताना ही सावधगिरी योग्य होय. छोट्या चित्रपटाच्या बाबतीत तिचा अर्थ एवढाच, की आपण जाऊ तेव्हा तो तेथे नसेल. मग मुलांना पाहण्यासारखे काही मिळत नाही, ही आपली तक्रार कितपत न्याय्य ठरते?

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. वर्षातून दोन-तीन वेळा, चांगला स्वतंत्र चित्रपट लागला असता, चार-पाच कुटुंबांनी मिळून पहिल्याच रविवारची तिकिटे काढावीत. सूर्यास्तापूर्वी घरी परतून भोजन व्हावे, यासाठी दुपारचा खेळ सोयीचा. परतल्यावर मुलांना त्यांचे मत विचारावे आणि ते आपल्या मताहून भिन्न असले तरी ऐकून घ्यावे. अनेकान्ताचा पाठ घरी बसून देण्याची ती एक उत्तम संधी आहे.