फोटोचे पैसे दिलेत, पण हक्क कुठे लिहून ठेवलेत?



मागच्या व्हिडिओत आपण वर्डप्रेसची मीडिया लायब्ररी आवरली. फाइलची नावं, साइज, ऑल्ट टेक्स्ट वगैरे. एक विषय मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो टेक्निकल कमी आणि पैशांचा जास्त आहे.

आपल्याकडे पक्का समज असतो, "मी पैसे मोजले म्हणजे फोटो माझा." हे अर्धंच खरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की तुम्ही मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिले मालक तुम्हीच. पण बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतलेल्या मजकुराला हे लागू नाही. स्टॉक साइटवरून घेतलेला फोटो तर तुम्ही विकत घेतच नाही, फक्त वापरायची परवानगी घेता. आणि हक्क लेखी घेतले पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ ती पाच वर्षं धरतं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईला आंब्याच्या पेट्या पाठवणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचा.

आता गंमत बघा. वर्डप्रेसमध्ये फोटो चढवला की ऑल्ट टेक्स्ट, टायटल, कॅप्शन, डिस्क्रिप्शन असे रकाने येतात. "हक्क कधी संपतो?" असा रकानाच नाही. म्हणून काही जण लगेच महागडं सॉफ्टवेअर घ्यायला निघतात. माझं स्पष्ट मत: पाच-दहा माणसांच्या धंद्याला त्याची गरज नाही. डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ लिहा. फोटो कोणाचा, बिल नंबर, कुठे वापरायचा (वेबसाइट चालेल, होर्डिंग नाही) आणि शेवटी "मुदत-२०२७-०३". दर महिन्याला लायब्ररीच्या सर्चमध्ये त्या महिन्याचा शब्द टाकायचा, संपत आलेले फोटो समोर येतात. रक्कम मात्र तिथे लिहू नका, जुन्या साइटवर हा मजकूर बाहेरच्यालाही दिसू शकतो.

ही ओळ कोणी लिहायची? जो अपलोड करतो त्यानेच, आणि त्याच वेळी. भाचा वेबसाइट बघत असेल तर भाच्याने. "नंतर भरू" म्हटलं की ते राहिलंच. शिवाय फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा आला, की फाइलच्या आत असलेलं फोटोग्राफरचं नाव आणि कॉपीराइटची नोंद गळून जाते. फोटोग्राफरला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा ड्राइव्हवर टाक.

मुदत संपल्यावर काय? इथे बरेच जण फसतात. पानावरून फोटो काढला म्हणजे तो गेला असं होत नाही. फाइल अपलोड्स फोल्डरमध्ये तशीच असते, तिची थेट लिंक उघडते. आधी फोटो कुठे कुठे वापरलाय ते बघा, तिथे दुसरा लावा आणि मग मीडिया लायब्ररीतून कायमचा डिलीट करा. फेसबुक, इन्स्टाग्राम, गुगलवरचं दुकानाचं प्रोफाइल इथल्या प्रती वेगळ्या, त्या हातानेच काढाव्या लागतात.

"सर, आपल्या छोट्या दुकानाकडे कोण बघतंय?" असं प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. स्टॉक एजन्सी फोटो शोधायला सॉफ्टवेअर वापरतात हो. त्याला दुकान केवढं आहे ते कळत नाही, फोटो जुळला एवढंच कळतं. आणि नोटीस आली की बिल शोधायची पाळी तुमच्यावर.

ज्यांच्या लायब्ररीत हजार-दोन हजार जुने फोटो पडलेत, त्यांनी सगळे उकरत बसू नका. होमपेजवरचे आणि माणसांचे चेहरे असलेले आधी घ्या, कारण मॉडेलबरोबरचा करार बहुतेक वेळा मुदतीचा असतो. ज्याचा कागद सापडत नाही तो काढून टाका. त्या जागी आपल्याच दुकानात, खिडकीजवळच्या उजेडात, मोबाइलवर नवा काढा. तो कसा काढायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.