सगळ्या वायरी एकाच भावात

माझ्याकडे कंट्रोल पॅनलच्या वायरिंगची जी चौकशी येते, तिच्यात दर टर्मिनलमागे मागितलेला असतो. पॅनलवरच्या दिव्याची वायर असो की मोशन कंट्रोलरच्या हाय-स्पीड इनपुटची, टोक आवळलं की पैसे तेवढेच. भोसरीत पॅनलचं काम करताना या एका गोष्टीचा मला जेवढा राग येतो, तेवढा उधारीचाही येत नाही.

बिस्किटांचे पुडे बांधणारं मशीन घ्या. छापील फिल्मच्या कडेला एक गडद चौकोन असतो, त्याला आय-मार्क म्हणतात. सेन्सरला तो दिसला की कंट्रोलर त्याच क्षणी सर्व्होची जागा टिपतो आणि त्यावरून कटर कुठे मारायचा ते ठरवतो. फिल्म मिनिटाला ६० मीटरने पळत असेल, तर एका मिलिसेकंदात ती एक मिलिमीटर सरकते. म्हणून या इनपुटला नेहमीचा काही मिलिसेकंदांचा फिल्टर चालत नाही, तिथे हिशेब मायक्रोसेकंदांचा. पण इतक्या तिखट कानाच्या माणसाला शेजारची भांडणंही ऐकू येतात.

शेजारी असतो व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या पोटात साधारण ५८० व्होल्ट डीसी असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा जोडला-तोडला जातो. प्रत्येक वेळी व्होल्टेज मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळात उडी मारतं. मोटरची आणि सेन्सरची केबल एकाच डक्टमध्ये कोंबली की त्या उड्या सेन्सरच्या वायरीत उमटतात आणि कंट्रोलरला वाटतं, मार्क आला.

चाकणच्या एका कारखान्यात नेमकं हेच चाललं होतं. कन्व्हेयरचा मोठा ड्राइव्ह चालू झाला की कटर थेट छापील बिस्किटावर पडायचा. आमच्याआधी येऊन गेलेल्या इंजिनिअरने लॅपटॉप लावला आणि फिल्टर वाढवला. भलते काप थांबले, सगळे खूश. पण स्पीड बदलला की काप जागा सोडू लागला. सोडणारच! फिल्टरचा उशीर ठरलेला, तेवढ्यात फिल्म किती पळते ते मात्र स्पीडवर. ऑपरेटर पाळीभर ऑफसेट बदलत उभा.

डक्टचं झाकण काढलं, तर सेन्सरच्या केबलची शील्ड, म्हणजे वायरींभोवतीचं धातूचं आवरण, वीतभर सोलून, पीळ घालून एका अर्थ स्क्रूखाली दाबलेली. दुसरं टोक मोकळं. ‘मॅडम, शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची असंच शिकवलंय,’ तिथला मुलगा म्हणाला. संथ अ‍ॅनालॉग सिग्नलच्या केबलला ते ठीक आहे, कारण तिथे भीती असते दोन अर्थांमधून फिरणाऱ्या करंटची. ड्राइव्हच्या गोंगाटाला ते पुरत नाही. शील्ड दोन्ही टोकांना, चारही बाजूंनी क्लॅम्पमध्ये धरावी लागते. ड्राइव्हच्या बहुतेक मॅन्युअलांत हे चित्रासकट छापलेलं असतं. मॅन्युअल मात्र पॅनलच्या दाराच्या खिशात, पिशवीसुद्धा न फोडलेलं.

त्या मुलाला दोष देऊन काय मिळणार? वायरमनचा दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलांचे हात चांगले असतात. घरगुती वायरिंग आणि स्टार्टर ती डोळे मिटून करतात, पण शील्ड क्लॅम्प माझ्या शेडमध्येच पहिल्यांदा हातात घेतात. त्यात दर टर्मिनलमागे असेल, तर वेगळा ट्रे टाकण्यात, मोटरची केबल काटकोनातच ओलांडण्यात गेलेला वेळ कोण मोजतो? कितीही महागडा सर्व्हो घेतला तरी घासाघीस होते ती केबलच्या मीटरवर.

मी आता कोटेशनमध्ये फास्ट इनपुटची ओळ वेगळी लावते: शील्डेड ट्विस्टेड पेअर, क्लॅम्प, स्वतंत्र ट्रे, मजुरी. परचेसवाले सर्वांत आधी तीच कापतात. मध्यंतरी एका ग्राहकाने ती ठेवली आणि वर विचारलं, क्लॅम्प प्लेटच्या रंगावर बसवणार की रंग खरवडून? अशा माणसाला मी दरात सूटही देते.