माणिकपूरचा उकिरडा आणि बाटल्यांचे रसिक

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणिकपुराच्या आसपास ज्या थोड्या जुन्या वाड्या अजून उरल्या आहेत, त्यांतील उकिरड्यांचे दैव आता उघडू लागले आहे. पण ते अशा रीतीने की, पूर्वीची दैनाच बरी होती असे म्हणावे लागावे.

गेल्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांच्या वाडीत हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला. घर पाडून तेथे इमारत उठावयाची होती. वाडीच्या कोपऱ्यात, बावखलाच्या काठाशी, राख, केळीची सोपटे आणि घरातील फुटके-तुटके पिढ्यान्‌पिढ्या पडून एक उंचवटा झालेला होता. जुन्या वस्तूंचे षोकी असे एक सुशिक्षित गृहस्थ फावडे घेऊन आले आणि दोन तासांत त्यांनी तो उंचवटा फोडला. गोटी सोड्याच्या तीन अखंड बाटल्या, एक दौत व औषधाची एक निळी शिशी त्यांनी पिशवीत घातली आणि समाधानाने हात धुतले. मागे राहिल्या त्या कंदिलाच्या काचा, रहाटाला बांधीत त्या मडक्यांची खापरे, निळ्या नक्षीच्या बश्यांचे तुकडे. “यात काही नाही,” असे ते म्हणाले. आमच्या मते जे काही होते ते त्यातच होते.

छंद म्हणून बाटल्या जमविण्यास आमची हरकत नाही. पण बाटली स्वतःविषयी जे सांगते ते फार थोडे. गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट केली, तेव्हा ती त्यापूर्वीची नव्हे. साच्याची शीव ओठापर्यंत सलग गेलेली दिसली तर ती बहुधा यंत्राने केलेली, म्हणजे विसाव्या शतकातील. एवढे कोणत्याही दुकानात बसूनही कळेल. उकिरडा याहून अधिक सांगतो, पण तो थरांच्या भाषेत सांगतो. कोणती काच कोणत्या खापरीच्या शेजारी होती, राखेच्या वर होती की खाली, हे एकदा फावड्याने कालवले की ब्रह्मदेवालाही पुन्हा लावता येणार नाही. तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. पुढे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. विलायती काच कोणत्या थरात संपली आणि देशी काच कोठून सुरू झाली, हे वसईच्या दहा उकिरड्यांत कोणी मोजून पाहिले असते, तर स्वदेशीच्या व्याख्यानांपैकी किती भाग वाडीपर्यंत पोचला होता हे कळले असते. व्याख्याने आपण जपून ठेवली. काचा डंपरात भरल्या.

आणि येथे आमचा खरा रोख त्या हौशी गृहस्थांवर नाही. तो आपल्या विद्वानांवर आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तेथील घंटा देवळांत गेल्या, हे आपल्याला मुखोद्गत आहे. पण त्या वेळी आणि त्यानंतर येथील शेतकरी कोणत्या भांड्यात रांधीत होता, असे विचारले की इतिहासकार खाकरतात. किल्ला म्हणजे इतिहास, ताम्रपट म्हणजे इतिहास आणि उकिरडा म्हणजे घाण, अशी ही वर्णव्यवस्था आहे!

तिला उत्तर माणिकपुराहून फार लांब नसलेल्या सोपाऱ्यानेच देऊन ठेवले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा टेकाड उकरविला. आत दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या पोटात सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले होते, असा अर्थ पंडितजींनी केला. त्यांनी काय कशात होते ते ओळीने लिहून ठेवले म्हणूनच तो अर्थ संभवला. आमच्या रसिक गृहस्थांच्या हाती ती पेटी लागती, तर करंडक घरी जाते आणि खापऱ्यांना “यात काही नाही” हाच शेरा मिळता.

कोणी म्हणेल, कोठे स्तूप आणि कोठे वाडीतला केर! त्यांनी इजिप्तकडे पाहावे. तेथे ऑक्सिरिंकस गावाच्या केराच्या ढिगांत १८९६ पासून ग्रेनफेल व हंट यांनी खणले, आणि सॅफो व मिनँडर यांचे हरवलेले काव्य सावकारीच्या पावत्यांसंगे बाहेर आले. अमेरिकेतील टूसॉन शहरात विल्यम रॅथजे यांनी तर १९७३ पासून ताजा केरच तपासला. लोक बिअर किती पितो म्हणून सांगत, आणि डबे-बाटल्या किती निघत, यांचा मेळ बसला नाही. मुंबई इलाख्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. त्याचा अंमल किती झाला हे सरकारी दप्तराला विचारावे की वाडीच्या कोपऱ्याला, हे वाचकांनीच ठरवावे.

कायद्याकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची चौकशी करतो. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याला सामान्यतः शंभर वर्षे भरावी लागतात. आजोबांच्या कंदिलाची फुटकी काच दोहोंच्या चाळणीतून खाली पडते. तेव्हा हे काम वाडीच्या मालकाचे आणि वसईतील शाळा-महाविद्यालयांचे आहे. पाया खणण्यापूर्वी आठ दिवस, एक दोरी, एक चाळणी, एक वही आणि चार विद्यार्थी. वीतभर थर काढावा, त्यातले सारे, खापरीसुद्धा, वेगळ्या पिशवीत ठेवावे आणि खोली लिहावी. मग अखंड बाटल्या ज्याला हव्या त्याने खुशाल न्याव्या.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हे सुचविले, पण कंत्राटदाराची तारीख ठरलेली होती. तो उंचवटा चौथ्या दिवशी उचलला गेला. त्याची माती दुसऱ्या एका वाडीतले बावखल बुजविण्यास उपयोगी पडली, असे मागाहून कळले.