मापात पाप, फक्त जीबीचं

पनवेलच्या बाजारात कोलंबी घेताना आई आधी काट्याकडे बघते. रिकामं पारडं शून्यावर आहे ना, शिक्का आहे ना. पेट्रोल पंपावर आपण सगळेच मीटरवरचं शून्य बघतो. पेनड्राइव्ह घेताना मात्र पाकिटावर 64 छापलंय म्हणजे 64 असणारच, असं धरून चालतो.

माझ्या मावसभावाच्या लग्नाला दीड वर्ष झालं. फोटोग्राफरने सगळं शूटिंग 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर दिलं होतं. एक-दोन फाइली उघडून बघितल्या, चालल्या, कपाटात ठेवून दिला. यंदा वहिनीचे वडील गेले. तेराव्यानंतर तिने कन्यादानाचा व्हिडिओ बघायला पेनड्राइव्ह लावला. हळद दिसली. पुढची एकही फाइल उघडेना. नावं दिसतात, साइज दिसते, आत काहीच नाही. फोटोग्राफरने त्याच्याकडची कॉपी केव्हाच पुसली होती.

घरचे सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी पेनड्राइव्ह घरी आणला, ज्या फाइली चालत होत्या त्या आधी कॉपी करून घेतल्या आणि मग तपासला. खरी जागा निघाली जेमतेम 8 जीबी!

हे होतं कसं? पेनड्राइव्हमध्ये मेमरीबरोबर एक कंट्रोलर चिप असते. आपली क्षमता किती, हे कॉम्प्युटरला तीच सांगते. तिच्या फर्मवेअरमध्ये फेरफार केला की 8 चे 64 होतात. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा एकतर हवेत जातो, नाहीतर आधीच्या डेटावरच लिहिला जातो. कॉपी पूर्ण झाल्याचं बिनदिक्कत दिसतं. फाइलींच्या नावांची यादी बहुतेक वेळा सुरुवातीच्या खऱ्या भागात असते, म्हणून नावं शाबूत राहतात. जे लिहिलंच गेलं नाही ते कुठल्याही रिकव्हरीवाल्याला मिळणार नाही. त्यात पैसे घालवू नका.

(64 च्या जागी विंडोजमध्ये साधारण 59 दिसतात, ती फसवणूक नव्हे. तो मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे.)

तपासायला एक पैसा लागत नाही. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ3. दोन्ही पेनड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. दोन-तीन तास जातात, जाऊ देत. नवा पेनड्राइव्ह रिकामा असतानाच हे करा. नकली निघाला तर पैसे परत मागा. तेही नाही झालं तर खऱ्या जागेएवढंच पार्टिशन करून वापरता येतो, एफ3 मध्ये त्याची सोय आहे. पण त्यातली मेमरी बऱ्याचदा टाकाऊ दर्जाची असते. गाडीत गाणी ऐकायला ठीक, महत्त्वाचं काही त्यावर ठेवू नका.

आता माझा मुद्दा. फोटोग्राफरने ते वीस पेनड्राइव्ह एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेतले होते, बिलासकट. म्हणजे फसला तोही. (मूळ शूटिंग इतक्या लवकर पुसलं ही चूक मात्र त्याचीच.) भाजीवाल्याचा काटा ठराविक मुदतीने तपासून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. मग एकेका पाकिटात 56 जीबी कमी देणाऱ्याचं माप कोण तपासतं? 256 जीबीपेक्षा मोठ्या यूएसबी सॉलिड स्टेट साधनांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, बीआयएस केअर अ‍ॅपवर आर-नंबर टाकून ती बघता येते. पाचशे रुपयांत 2 टीबी विकणाऱ्यांकडे हा नंबर एकदा मागून बघाच. त्याखालच्या 32, 64, 128 जीबीला, म्हणजे आपण खरोखर घेतो त्याच मालाला, तेवढीही चाळणी नाही. विक्रीला ठेवण्याआधी प्रत्येक खेपेतले चार नग तपासणं त्या ऑनलाइन बाजाराला जड आहे का? एक मुलगा आणि एक लॅपटॉप पुरतो.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगात फी नाही, आणि अर्ज ऑनलाइन होतो, त्यासाठी अलिबागला खेटे घालायला नकोत.

फोटोग्राफरला बसवून मी तक्रार टाकली. त्याचे पैसे परत आले. काल रात्री सहज बघितलं, तोच पेनड्राइव्ह तिथे अजून विकायला आहे. चार स्टार.