मंत्राची घडणावळ

कोल्हापूरच्या गुजरीत साज घडवायला टाकला तर बिल कसं होतं, हे घरातली कुठलीही आजी सांगेल. वजन गुणिले भाव, वर घडणावळ, त्यावर तीन टक्के जीएसटी. साजाच्या २१ पानांत दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एकविसावा ताईत. ताईत ही रक्षणाची वस्तू, पण रक्षणाचे म्हणून वेगळे पैसे कुठलाच सराफ लावत नाही. उद्या हा ताईत मोडीत घातला तर आतल्या लाखेचं वजन वजा होईल, दैवी शक्तीचं नव्हे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली आणलेल्या या खेळात ताईतातलं सोनं किरकोळ. मोल करायचं ते फक्त मंत्राचं. पुस्तकात छापलेल्या वस्तूंचे भाव ठरलेले असतात. पण राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत चारपाच जण रविवारी खेळायला बसले आणि त्यातला एक म्हणाला, ‘डीएम, मला असा ताईत हवाय जो पुस्तकात नाही,’ की वादाला तोंड फुटतं. डीएम म्हणजे डन्जन मास्टर, खेळ चालवणारा. भाव त्यानेच सांगायचा असतो.

या वादात सर्वांत ठाम बोलतात ते सूत्रवादी. त्यांचं म्हणणं असं की खेळाच्या ३.५ आवृत्तीने (२००३) कोष्टक दिलेलंच आहे. गुणाकार करा आणि मोकळे व्हा. मंत्राची पातळी गुणिले तो टाकणाऱ्या मांत्रिकाची पातळी, आणि त्याला एका आकड्याने गुणायचं. एकदाच वाचायच्या गुंडाळीला २५, पिण्याच्या औषधाला ५०, ५० वेळा चालणाऱ्या छडीला ७५०, शब्द उच्चारताच चालणाऱ्या वस्तूला १,८०० आणि अखंड चालणाऱ्या वस्तूला २,०००. उत्तर सोन्याच्या नाण्यांत.

कोष्टक अडाणी नाही, हे आधी मान्य करायला हवं. जखम भरणारा पहिल्या पातळीचा मंत्र औषधातून घेतला तर ५० नाणी पडतात, छडीतून दर खेपेला १५. औषध कुणीही पिऊ शकतो, छडी चालवायला जाणकार लागतो. सोयीचे पैसे सूत्राने बरोबर लावले. शस्त्रांच्या बाबतीतही त्याने डोकं चालवलं आहे. तलवारीचा भाव अधिकाच्या वर्गाने वाढतो, म्हणून प्लस वन २,०००, प्लस टू ८,००० आणि प्लस फाइव्ह थेट ५०,०००.

पण ‘ट्रू स्ट्राइक’ घ्या. पहिल्या पातळीचा हा मंत्र पुढच्या एका वाराला २० चा अधिक देतो. वीसपैलू फाशाच्या खेळात २० चा अधिक म्हणजे वार सहसा चुकायचाच नाही. हाच मंत्र गदेत अखंड बसवला, तर सूत्र म्हणतं, एक गुणिले एक गुणिले २,०००, म्हणजे दोन हजार नाणी. स्वतः घडवली तर निम्म्यात. तिसऱ्या पातळीच्या पात्राकडे पुस्तकाच्या हिशेबाने २,७०० नाण्यांची मालमत्ता असते. त्याला ही गदा परवडते! उलट शस्त्रांचा वर्गाचा हिशेब नुसता सरळ पुढे ओढला, तरी २० च्या अधिकाला आठ लाख पडतात. विसाव्या पातळीच्या वीराची सगळी इस्टेट सात लाख साठ हजार. एकाच पुस्तकातली दोन कोष्टकं, आणि फरक चारशे पट.

असं का होतं? गुजरीचं बिल खरं ठरतं, कारण वजनाखाली धातू असतो. दागिना मोडला तरी सोनं उरतं. सूत्राने मंत्राच्या पातळीलाच धातू समजलं, तिथे ते फसलं. ट्रू स्ट्राइक पहिल्या पातळीवर आहे तो मुळी एकाच वाराला लागू पडतो म्हणून, शिवाय तो टाकण्यात आपली पाळी जाते म्हणून. या दोन अडचणी हाच त्याच्या स्वस्ताईचा आधार. अखंड केला की दोन्ही अडचणी गेल्या, स्वस्ताई मात्र तशीच राहिली. ‘मेज आर्मर’चं तेच. मंत्र अखंड बसवलेलं मनगटी कडं सूत्राने दोन हजाराला मिळतं. तेवढंच, चारचं संरक्षण देणारं छापील कडं १६,००० चं आहे.

सूत्रवाद्यांना न आवडणारी गोष्ट पुढेच आहे. सूत्र छापणारेसुद्धा ते पाळत नाहीत. अदृश्य करणाऱ्या अंगठीचा ३.५ मधला भाव २०,०००. मंत्र दुसऱ्या पातळीचा, मांत्रिक तिसऱ्या, आणि अंगठी चालवायची आपण, शब्द उच्चारून. दोन गुणिले तीन गुणिले १,८०० म्हणजे १०,८००. लेखकांनी जवळपास दुप्पट किंमत लावली, आणि योग्यच केलं. (पुस्तकात ती चांदीची साधी अंगठी आहे. हुपरीच्या कारागिराने तिला मजुरी किती सांगितली असती, हा प्रश्न बाजूला ठेवू.)

दुसरा पक्ष म्हणतो, जादूला भाव लावताच कशाला? ती बाजारात मिळताच कामा नये. ऐकायला हे भारदस्त वाटतं आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचा कलही काहीसा असाच होता. तिने नेमक्या किमतींऐवजी दुर्मीळतेचे पट्टे दिले. ‘दुर्मीळ’ वस्तू ५०१ ते ५,००० नाणी. खालचं टोक आणि वरचं टोक यांत दहापट अंतर असेल, तर त्याला भाव म्हणायचं की अंदाजपंचे? त्याहून गंमत म्हणजे कायम उडवत नेणारा झाडू तिथे ‘असामान्य’ गटात, ५०० नाण्यांच्या आत, आणि एकदाच पिऊन संपणारं उडण्याचं औषध ‘अतिदुर्मीळ’ गटात. एकदाच वापरायचं म्हणून भाव निम्मा केला तरी ते अडीच हजारांच्या वरच राहतं. पात्रांच्या थैलीत नाणी खुळखुळत असताना भाव सांगायचा नाही, असं म्हणून प्रश्न सुटत नाही. २०२४ च्या आवृत्तीने अखेर प्रत्येक गटाला एकेक आकडा दिला: सामान्य १००, असामान्य ४००, दुर्मीळ ४,०००, अतिदुर्मीळ ४०,०००, दंतकथेतल्या वस्तूला दोन लाख. म्हणजे भाव लागतोच, हे कबूल झालं.

‘डीएम म्हणेल ती पूर्वदिशा’ हा तिसरा पक्ष. त्याच्यासाठी फार शाई नको. डीएमचा जिगरी दोस्त कोण, हे एका महिन्यात सगळ्या टेबलाला कळतं.

मग भाव लावायचा कसा? ३.५ च्या पुस्तकाने गुणाकाराच्या आधी एक गोष्ट सांगितली आहे, ती वाचायचीच राहते: नवी वस्तू आधी भाव ठरलेल्या वस्तूशी ताडून बघा. कोष्टकाच्या मथळ्यातच ‘अंदाज’ आहे. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. खेळाडूला दिवसातून एकदा अदृश्य करणारा ताईत हवाय. रोज एकदाच चालायचं म्हणून सूत्राने १०,८०० चे पाच भाग पडतात, म्हणजे २,१६०. ताडून पाहिलं तर हवं तेव्हा चालणारी अंगठी २०,००० ची. तिचा पाचवा हिस्सा ४,०००. आता तिसरं माप लावा. अदृश्य होण्याचं औषध ३०० ला मिळतं. २,१६० चा ताईत आठव्या दिवशीच पैसे वसूल करतो आणि पुढे जन्मभर फुकट. ४,००० चा वसूल व्हायला दोन आठवडे लागतात. ३.५ ने एका दिवसात साधारण चार झटापटी गृहीत धरल्या आहेत. खेळाडू शहाणा असेल तर ताईत त्यातल्या सर्वांत बिकट प्रसंगालाच राखून ठेवणार. म्हणजे ‘पाचातला एक’ हा हिशेबही त्याला झुकतं मापच देतो. ४,००० हा तळ धरावा, ५,००० मागितले तरी गैर नाही.

यात जागेचाही विचार येतो. ताईत गळ्यात आहे, म्हणजे गळ्यातली दुसरी जादुई वस्तू काढावी लागणार. तीच शक्ती खिशातल्या गोटीत मागितली, तर ३.५ चा नियम किंमत दुप्पट करतो, आणि तो नियम शहाणा आहे. पाचव्या आवृत्तीत एका पात्राला अशा तीनच वस्तूंशी जवळीक साधता येते. तिथे सोन्यापेक्षा ही तिसरी जागा महाग.

टेबलावर कोण बसलंय हेही मोजावं लागतं. गटात लपूनछपून जाण्यात तरबेज चोर असताना मांत्रिकाने हा ताईत मागितला, तर चोराचं पात्र चालवणाऱ्याने रविवारी काय करायचं? या नुकसानीचा रकाना कुठल्याच कोष्टकात नाही. तो डीएमने स्वतः आखायचा. म्हणूनच पहिला भाव कच्चा धरावा. वस्तू देतानाच सर्वांसमोर ठरवून टाकावं की तीनचार सेशन बघू. ती फार भारी पडली, तर एक तर शक्ती थोडी उतरेल, नाही तर वरची नाणी भरावी लागतील. हलकी पडली तर फरक परत मिळेल. ही अट नंतर घातली की भांडण ठरलेलं, आधी घातली तर तो निव्वळ व्यवहार.